'औदुंबर' : छंद, यमक आणि पुनरुक्ती

बालकवींच्या (१८९०–१९१८) 'औदुंबर' या अवघ्या आठ ओळींच्या कवितेची चर्चा प्रामुख्याने प्रतीकार्थाच्या अंगाने झाली आहे. औदुंबर मृत्यूचे प्रतीक की विरक्तीचे, या वादात कवितेच्या रचनेकडे काहीसे दुर्लक्ष झाले. प्रस्तुत लेखात या रचनेचा विचार केला आहे.

कवितेचे वृत्त समुदितमदना आहे. आठ मात्रांची तीन आवर्तने आणि शेवटी तीन मात्रा, अशा एकूण सत्तावीस मात्रा प्रत्येक ओळीत येतात. अंत्य लघू येथे गुरू मानला जातो. पहिल्या चार ओळींत पहिले आवर्तन शब्दाबरोबरच संपते. पाचव्या ओळीत मात्र वाकड्यातिकड्या पायवाटेचे वर्णन येते आणि 'पांढरी' हे विशेषण दोन आवर्तनांत विभागले जाते. सहाव्या ओळीतही पहिले आवर्तन शब्दाच्या मधेच संपते. वाट वळते तेथेच लय वळते. शेवटच्या दोन ओळींत वृत्त पुन्हा सरळ होते, कारण तेथे वाट संपलेली असते.

यमकयोजनाही अशीच अर्थवाही आहे. मधल्या चारही ओळी एकारान्त आहेत. त्यांपैकी तिसरी 'कडे'ने टेकडीची दिशा दाखवते, तर सहावी त्याच 'कडे'ने डोहाची. पहिल्या व शेवटच्या द्विपदींचा शेवट मात्र व्यंजनान्त उच्चाराने होतो. मधला विस्तार खुला राहतो आणि दोन्ही टोके मिटतात.

पुनरुक्तीचे कार्य याहून सूक्ष्म आहे. हिरवा रंग पहिल्या, चौथ्या व सहाव्या ओळीत येतो. सहाव्या ओळीत यतीपूर्वी हिरवे कुरण आहे आणि यतीनंतर काळा डोह. हिरव्याकडून काळ्याकडे होणारे संक्रमण अशा रीतीने एकाच ओळीत, यतीच्या विरामावर घडते. पुढच्याच ओळीत तो काळेपणा पुन्हा येतो, पण 'गोड' हे विशेषण घेऊन. तसेच पहिल्या ओळीत तटांना दोनदा जोडलेले 'वर' सातव्या ओळीच्या अखेरीस लाटांना जोडले जाते आणि 'औदुंबर' या अंतिम शब्दाशी यमक साधते. वाचकाची दृष्टी काठावरून पाण्यावर व तेथून वृक्षावर स्थिरावते.

बालकवींच्या अकाली रेल्वे-अपघाती मृत्यूची छाया या कवितेवर पाडून ती केवळ विषादाची ठरवणे म्हणूनच अपुरे वाटते. रचनेतून प्रत्ययास येते ती वळणावळणाने चाललेल्या गतीची शांत समाप्ती. प्रतीकाचा निर्णय करण्यापूर्वी ही लय ऐकणे आवश्यक आहे, असे म्हणता येईल.