जँगोतला वारसा: समवाय की संयोग?

मंडळी, बदनापुरात बोलताना उदाहरणासाठी लांब जायला नको. तुरीचे बीडीएन-७११ आणि बीडीएन-७१६ हे वाण इथल्या कृषी संशोधन केंद्राचे, हरभऱ्याचा 'आकाश'ही इथलाच. समजा, या वाणांची नोंदवही जँगोत करायची आहे. (जँगो म्हणजे पायथॉनमधली, २००५ पासूनची वेब-चौकट.) 'वाण' हे मूळ मॉडेल: नाव, वर्ष, तयार व्हायला लागणारे दिवस. त्याखाली 'तूर' आणि 'हरभरा'. तुरीला दाण्याचा रंग हवा, कारण ७११ पांढरी, ७१६ लाल. हरभऱ्याला देशी की काबुली ते हवं.

जँगो इथे तीन वाटा देतं आणि तिन्हींना वारसाच म्हणतं. आमची तक्रार या शब्दाबद्दल आहे.

अ‍ॅब्स्ट्रॅक्ट वाटेत 'वाण'चं टेबल होतच नाही. त्याचे रकाने तूर आणि हरभऱ्याच्या टेबलांत उतरतात. वैशेषिकांच्या समवायाच्या हे जवळ जातं. सामान्य व्यक्तीपासून सुटं काढता येत नाही. पूर्ण जुळत नाही म्हणा, सामान्य एकच असतं आणि इथे रकाने दर टेबलात नव्याने बनतात. प्रॉक्सीत टेबल तेच, वागणूक तेवढी वेगळी. ती सोडून देऊ.

घोळ मल्टी-टेबलमध्ये आहे. वाणाची ओळ एका टेबलात, तुरीची दुसऱ्या, मध्ये वन-टू-वन दुवा. 'कीप पेरेंट्स' लावून तुरीची ओळ खोडली तरी वाणाची शाबूत राहते. जे असं सुटं होतं तो संयोग, समवाय नव्हे! त्यातही एकाच वाणाच्या ओळीला तूर आणि हरभरा दोन्ही जोडायला डेटाबेसची मनाई नाही. उदयनाचार्यांनी किरणावलीत जातीची सहा बाधकं सांगितली, त्यातला संकर तो हाच. आता शेतकऱ्याने ते बी खरिपात पेरायचं की रब्बीत?

कुणी म्हणेल, '१२० दिवसांच्या आत येणारे सगळे वाण' एका क्वेरीत हवेत, मग काय? अ‍ॅब्स्ट्रॅक्ट 'वाण'ला प्रश्नच विचारता येत नाही, हे खरं. मल्टी-टेबलमध्ये विचारता येतो, पण हाती वाण येतात, तूर नाही. असा प्रश्न रोजचा असेल तर वाणाचं टेबल जरूर ठेवा, मात्र दुवा स्वतःच्या हाताने लिहा. जोड आहे हे वाचणाऱ्याला दिसू द्या.

संकर तेवढ्यानं थांबत नाही. त्याला एकच टेबल, त्यात 'पीक' हा रकाना आणि वर चेक कन्स्ट्रेंट: पीक हरभरा नसेल तर देशी-काबुलीची जागा रिकामीच राहील.