इअरविगचे कूळ आणि बर यांचा ग्रंथ

मॅल्कम बर यांचा इअरविगांवरील ग्रंथ १९१० साली ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेत निघाला. शेपटीला चिमटा असलेला हा किडा नांदेड-लातूरकडच्या शाळेच्या कीटकपेटीत ठेवायचा, तर हा ग्रंथ आजही उपयोगी आहे. पण डोळे मिटून नव्हे.

लॅबिड्युरिडी कुळात बर यांनी कित्येक पंखहीन इअरविगही घातले. आता त्यांचे ॲनिसोलॅबिडिडी हे निराळे कूळ मानतात. म्हणजे ग्रंथावरून चिठ्ठी लिहिली तर ती चुकणार.

ओळखीची खूण मात्र त्यांनी नेमकी धरली आहे. ती म्हणजे पावलाचा दुसरा खंड. लॅबिड्युरिडीत तो साधा, फॉर्फिक्युलिडीत पसरट. आपण चिमट्याकडेच पाहत बसतो, आणि तो तर नर-मादीतही सारखा नसतो! भिंग हवेच.

पण अशा कोष्टकांतून जिवंत किडा कळत नाही. पॅलास यांनी १७७३ साली वर्णिलेली लॅबिड्युरा रिपारिया (रिपारिया म्हणजे काठावरची) वाळूत बीळ करते आणि अंडी चाटून बुरशीपासून जपते. मुलांना घेऊन गोदावरीच्या, मांजरेच्या काठी ओलसर वाळूतले दगड उलटून तिचा शोध घ्यावा. अंड्यांवरची मादी आढळलीच तर दगड हलकेच पूर्ववत ठेवावा. पेटीसाठी दुसरा नमुना शोधता येईल.