संहितेवाचूनचा खेळ आणि सूत्रधाराची सचोटी

दशावताराला लिखित संहिता नसते. आख्यान कोणते आणि भूमिका कुणाच्या, एवढे ठरते. संवाद रंगमंचावरच जन्मतात. रत्नागिरीकडच्या नमन-खेळ्यांतही गण-गवळण आटोपून वग सुरू झाला की नटाच्या हजरजबाबीपणावर मोठी भिस्त असते. उत्स्फूर्ततेची ही परंपरा ज्याला ठाऊक आहे, त्याला ‘टेबलटॉप रोल-प्लेइंग’ हा खेळ वाटतो तितका परका नाही. मात्र साम्य जिथे संपते, तिथूनच विचार करण्याजोगा भाग सुरू होतो.

चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाकडे एकेक पात्र असते. उरलेले सगळे जग, म्हणजे माणसे, हवामान, शत्रू, बाजारभाव, एकटा गेम मास्टर सांभाळतो. जिथे निकाल अनिश्चित असतो तिथे फासे पडतात. याचे मूळ युद्धखेळांत आहे. डेव्हिड वेस्ली यांनी 1969 मध्ये ‘ब्राउनस्टाइन’ नावाच्या खेळात खेळाडूंना पलटणींऐवजी एकेक व्यक्ती वाटून दिली. ती कल्पना डेव्ह अर्नेसन यांनी पुढे नेली, आणि 1974 मध्ये त्यांचा व गॅरी गायगॅक्स यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला. यातल्या ‘सँडबॉक्स’ प्रकारात मास्टर कथा ठरवत नाही, मुलूख ठरवतो. खेळाडू वाट्टेल तिकडे जातात. असा खेळ वर्षानुवर्षे चालू शकतो.

अशा मास्टरला ‘कथाकार’ म्हणण्याचा प्रघात आहे. मला तो चुकीचा वाटतो. तो कथाकारापेक्षा गावच्या कुळकर्ण्याच्या जवळचा आहे. त्याचे खरे काम दप्तर राखण्याचे: कोण कुठे आहे, कोणाला काय हवे आहे, किती दिवस उलटले. गायगॅक्स यांनी 1979 च्या आपल्या मार्गदर्शक ग्रंथात काळाची काटेकोर नोंद ठेवण्याचा आग्रह धरला, तो उगाच नव्हे. खेळाडू उत्तरेला गेले म्हणून दक्षिणेतला दुष्काळ थांबत नाही, हे त्या नोंदीमुळेच शक्य होते.

उदाहरण हातखंब्याचे घेऊ. आज जिथे महामार्गाचा तिठा आहे, तिथून पश्चिमेला रत्नागिरी, उत्तरेला निवळीवरून संगमेश्वर, आणि पाली-साखरप्यावरून आंबा घाट. काळ 1689 चा जानेवारी. मुकर्रबखानाची फौज कोल्हापूरकडून घाट उतरून संगमेश्वर गाठणार आहे. खेळाडूंची पात्रे या तिन्ही वाटांच्या मध्ये उभी आहेत. ती बंदरात व्यापार करत बसली, तर फौज ठरल्या दिवशी पोहोचणारच. पण त्यांना घाटात हालचाल दिसली आणि त्यांनी रातोरात संगमेश्वराला निरोप पोहोचवला, तर?

इथे मराठी मनाची कसोटी लागते. संभाजी महाराजांच्या त्या फेब्रुवारीचा शेवट आपल्याला पाठ आहे. आपली ऐतिहासिक कादंबरी आणि नाटक त्या अटळतेवरच उभे आहे. आख्यानातही असुराचा वध ठरलेला असतो, म्हणून संवाद मोकळा सोडता येतो. सँडबॉक्समध्ये उलट आहे. शेवट कुणालाच ठाऊक नसतो, म्हणून नियम आणि नोंदी पक्क्या लागतात. निरोप पोहोचला असेल, तर ‘निरोप्या वाटेत मारला गेला’ असे मास्टरने मागाहून रचणे ही लबाडी आहे. कथा रंगावी म्हणून पडद्याआड दान बदलणे हीही तीच लबाडी, मग ती खेळाडूला वाचवण्यासाठी का असेना. ज्या निवडीने काही बदलत नाही ती निवडच नव्हे.

या प्रकाराचा दोषही सांगायला हवा. मोकळा मुलूख पुष्कळदा नुसता मोकळाच राहतो. खेळाडू भरकटतात, बैठका कंटाळवाण्या होतात. त्यावर उपाय म्हणून कथानक लादले की खेळाचा जीव जातो. चांगला मास्टर जगातली माणसे गरजवंत करतो. घाटातल्या जकातदाराला पैसा हवा असतो, खोताला सूड हवा असतो, बंदरातल्या तांडेलाला माणसे हवी असतात. या गरजा एकमेकींवर आदळल्या की घटना आपोआप घडतात.

आपल्या समीक्षेकडे संहिता तपासण्याची साधने आहेत, प्रयोग तपासण्याचीही आहेत. इथे संहिता नाही आणि प्रेक्षकही नाही. जे खेळतात तेच पाहतात. अशा कलेचे मोल ठरवताना एकच प्रश्न विचारावा: तीन वर्षांपूर्वी कुणी केलेल्या कृतीचा हिशेब आज या जगात सापडतो का? सापडत असेल, तर सूत्रधार आपल्या कामाला जागला.