चंद्रभागेतले सारेच खडे

माउली, परिसा भागवतांची कथा आपल्याला नवी नाही. महिपतीबुवा ताहराबादकरांनी 1762 साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजय’ ग्रंथात ती आहे, आणि कीर्तनात ती वर्षातून दोन-चार वेळा कानी पडतेच. तरी ती आज पुन्हा मनाशी आणू या. कारण ती ऐकताना आपण नेमकी टाळी कुठे वाजवतो, याविषयी मला थोडे बोलायचे आहे.

निमित्त आमच्या सांताक्रूझचे. एका एकादशीला मंडपात कीर्तन होते. बुवांनी परिसाचे आख्यान लावले आणि रंगात येऊन म्हणाले, “युरोपातल्या शास्त्रज्ञांनी आता शिशाचे सोने केले. आमच्या संतांचा परीस विज्ञानाने सिद्ध झाला. त्या ख्रिस्ती लोकांना हे आज कळते आहे!” टाळ्या झाल्या. कलिन्याच्या विद्यानगरीत भौतिकशास्त्र शिकणारा एक मुलगा दर एकादशीला आमच्यात टाळ धरायचा. त्याने कीर्तन संपल्यावर हात जोडून विचारले, “बुवा, सोनं किती झालं?” मागून कोणीतरी म्हणाले, “इथे शंका घेऊ नये.” हशा पिकला. मीही हसलो. पुढच्या एकादशीला त्या मुलाची जागा रिकामी होती.

माउली, त्याच्या प्रश्नाला उत्तर होते. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेने 2025 साली जाहीर केले, की 2015 ते 2018 या काळात तिथल्या यंत्रात शिशाची केंद्रके प्रचंड वेगाने एकमेकांच्या अगदी जवळून जाताना काहींमधून तीन प्रोटॉन निखळले. शिशाचे प्रोटॉन 82, सोन्याचे 79. तीन गेले की सोने. असे सुमारे 86 अब्ज अणुगर्भ झाले. सगळ्यांचे मिळून वजन भरले 29 पिकोग्रॅम. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग करा आणि त्यातले 29 घ्या, एवढेच. तेही निमिषात फुटून गेले. आणि आपल्या कथेतले लोखंड? त्याचे प्रोटॉन 26. त्याला सोने व्हायला आणखी 53 हवेत, आणि ते खड्याच्या स्पर्शाने येत नाहीत. तेव्हा या प्रयोगाने परीस सिद्ध होत नाही. मुलगा खरे विचारत होता.

आता कथा पाहू. परिसा भागवतांनी रुक्मिणीमातेची उपासना करून परीस मिळवला. त्यांच्या पत्नीने तो मैत्रीखातर राजाईला थोडा वेळ दिला. इथे बहुतेक कीर्तनात राजाई हावरी ठरते. मला हे पटत नाही. नामदेवरायांच्या घरचे दारिद्र्य महिपतीबुवांनी झाकलेले नाही. पोरे उपाशी असलेली आई सोने मागते ती दागिन्यासाठी नव्हे. तिची थट्टा करून जी विरक्ती शिकवली जाते ती फुकटची. पुढे नामदेवरायांना कळते, ते परीस चंद्रभागेत टाकतात, परिसा भागवत आकांत करतात. मग नामदेवराय पाण्यात हात घालून ओंजळभर खडे काढतात आणि म्हणतात, यातला तुमचा ओळखून घ्या. लोखंडाला लावून पाहावे तर सारेच परीस!

आपली टाळी इथे पडते. पण माउली, क्षणभर थांबून विचार करा. नदीतला प्रत्येक खडा परीस असेल, तर परिसाला किंमत काय उरली? आणि सोन्याला तरी काय उरली? महिपतीबुवांनी इथे श्रीमंती वाढवलेली नाही, ती निकाली काढली आहे. ‘माझा परीस’ यातला ‘माझा’ त्या ओंजळीत विरघळला. म्हणून तर परिसा भागवत त्यातला एकही खडा उचलत नाहीत, ते नामदेवरायांचे पाय धरतात. कथेतला खरा पालट तो आहे. लोखंडाचे सोने राजाईच्या घरातही झाले होते, पण त्याने कोणाचे मन पालटले नव्हते. संतांनी परिसाची उपमा घेतली आणि तिचे उणेही दाखवले, हे आपण जाणतोच. परीस लोखंडाला सोने करतो, परीस करत नाही. संत मात्र शरणागताला आपल्यासारखे करतात.

ही वाट आपणच एकट्यांनी चाललो असेही नाही. आपल्याकडे रसेश्वर मताचे साधक पारा सिद्ध करून देह अमर करू पाहत होते. चौदाव्या शतकातल्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त त्या मताला स्वतंत्र दर्शनाचे स्थान आहे. तिकडे युरोपात किमया करणारे ख्रिस्ती साधक परिसात ख्रिस्ताचे रूप पाहत. मार्टिन ल्यूथरला या विद्येचे कौतुक होते ते सोन्यासाठी नव्हे. भट्टी मळ खाली टाकते आणि शुद्ध ते वर काढते, त्यात त्याला अंतिम न्यायाचा दृष्टांत दिसला. न्यूटनने तर किमयेवर आणि बायबलवर लाखो शब्द लिहून ठेवले. त्यातले बरेच कागद 1936 साली लंडनमध्ये लिलावात निघाले, तेव्हा लोक चकित झाले. पण जगाने त्याच्याकडून घेतले ते गुरुत्वाकर्षण, कारण ते पडताळ्याला उतरले. किमयेचा कागद कागदच राहिला. स्वतः न्यूटनचा असला म्हणून तो खरा ठरला नाही. शास्त्राचा हा कडकपणा आपणही आदराने पाहावा असा आहे.

मग अध्यात्माचा पडताळा कोणता? त्यासाठी जिनिव्हाला जायला नको. नारायण वामन टिळकांचे नाव आपण ऐकले असेल. 1861 साली कोकणात जन्मलेल्या या कवीने 1895 साली मुंबईत ख्रिस्ती दीक्षा घेतली. पण अभंग सुटला नाही. आपण ख्रिस्तापाशी पोचलो ते तुकोबारायांच्या पुलावरून, असे ते सांगत. काही वारकऱ्यांना हे ऐकून राग येतो, तर काहींना आपला विजय झाल्यासारखे वाटते. दोन्ही ‘माझा परीस’ म्हणणेच आहे. पूल ज्याने बांधला त्याने जकातनाका ठेवला नव्हता.

टिळकांपेक्षा मला अधिक शिकवतात त्या लक्ष्मीबाई. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ वाचा. नवऱ्याने धर्म बदलला त्या दिवशी त्या मोडून पडल्या. कित्येक दिवस दोघे वेगळे राहिले. पुढे एकत्र आल्यावरही सोवळे सुटेना. कोणाच्या हातचे पाणी प्यावे, कोणाच्या हातचे नको, हे मनात घट्ट होते. ते सैल झाले विचाराने, अनुभवाने, हळूहळू. जातीचा विटाळ आधी मनातून गेला, दीक्षा नंतर 1900 साली. परिसाच्या स्पर्शाला निमिष पुरते, इथे पाच वर्षे लागली. माणसाचा पालट असाच होतो. म्हणून तर आपल्याकडे वारी एकदा करून संपत नाही, ती दर वर्षी करायची असते. आपला मार्ग किमयागाराचा नाही, पायी चालणाऱ्याचा आहे.

सांताक्रूझ या नावाचा अर्थच पोर्तुगीज भाषेत पवित्र क्रूस. जुन्या कोळेकल्याणच्या वाटांवर आजही क्रूस उभे आहेत, आणि त्यांना मेणबत्ती लावणारे ईस्ट इंडियन शेजारी घरात मराठी बोलतात. जवळच विद्यानगरीत मुले अणूचा अभ्यास करतात. आणि इथेच आमचा मंडप. बुवांच्या त्या एका वाक्याने शेजाऱ्याला हिणवले आणि मुलाला गमावले. विठोबाची महती त्याने वाढली का? आपल्या देवाला प्रयोगशाळेचा दाखला लागत नाही आणि दुसऱ्याची हेटाळणीही लागत नाही. नामाचा पडताळा एकच: नाम घेतल्यावर शेजारचा माणूस आपल्याला जवळचा वाटू लागला का?

त्या दिवशी मी हसलो, म्हणजे माझे लोखंड लोखंडच होते. मागच्या आठवड्यात त्या मुलाच्या घरी गेलो. म्हटले, “तुझा प्रश्न बरोबर होता, मी हसलो ते चुकले.” तो लगेच काही बोलला नाही. मग त्याने मला 82 आणि 79चे गणित कागदावर मांडून दाखवले. वर दिलेला हिशेब त्याचाच. एकादशीला येईन असे त्याने म्हटले नाही, मीही विचारले नाही. त्याचा टाळ मात्र मी पुसून खुंटीला लावून ठेवला आहे.

माउली, आपल्या मंडपातही एखादी जागा अशी रिकामी झाली असेल. कोणाच्या हसण्याने झाली, एवढे पाहावे.

रामकृष्ण हरी.