तिवरांवरची अळी 'परकी' नाहीये

पावसाळा सरत आला की मुंबईच्या खाड्यांतली तिवरं काही वर्षी बघता बघता तपकिरी, बिनपानांची होतात. मग मथळे येतात, 'खारफुटीवर किडीचं आक्रमण'. पाठोपाठ फॉरवर्ड फिरतात आणि शेवटी मागणी एकच: फवारणी करा! खारदांड्यालगत, कार्टर रोडच्या कडेला जी तिवरं उरलीत, त्यांना ही मागणी अळीपेक्षा महाग पडेल. म्हणून 'आक्रमण' या शब्दावर माझा आक्षेप आहे.

ही अळी म्हणजे हायब्लिया प्युएरा. सागाची पानं फस्त करणारी म्हणून वनखात्याला ती जुनी ओळखीची. ती इथलीच आहे. साग आणि तिवर वनस्पतिशास्त्रात एकाच गणात मोडतात, त्यामुळे तिला दोन्ही चालतात. अंड्यापासून पतंगापर्यंतचा फेरा साधारण तीन आठवड्यांचा. उद्रेक ओसरला की निरोगी तिवरांना पुन्हा पालवी फुटते. अळ्यांची विष्ठा चिखलात पडून खत होते, ते वेगळंच.

'पण सागाचं नुकसान होतंच ना?' होतं. केरळ वन संशोधन संस्थेच्या अभ्यासात कोवळ्या सागाची सुमारे ४४ टक्के वाढ या अळीमुळे बुडाल्याचं दिसलं. पण हा हिशेब लाकडाचा आहे. तिवरं आपण लाकडासाठी राखत नाही. लाटा अडाव्यात, मासळीची पिल्लं वाढावीत म्हणून राखतो.

खरी परकी कीड कशी असते? पपईवरचा पिठ्या ढेकूण घ्या. मूळ मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा, २००८ मध्ये कोइम्बतूरला सापडला. त्याचे शत्रू मायदेशीच राहिले होते, म्हणून पपई, तुतीवर तो बेफाम पसरला. २०१० मध्ये पोर्तो रिकोहून त्याच्यावर जगणाऱ्या तीन जातींच्या चिमुकल्या गांधीलमाश्या आणून सोडल्या, तेव्हा कुठे तो आटोक्यात आला. म्हणजे परक्या किडीवरही खरा उतारा फवाऱ्यातून आला नाही. तिवरांवरच्या अळीचे शत्रू तर आधीपासून इथेच आहेत. फवारलं तर तेही मरतील.

शिवाय तिवरांखाली भरतीचं पाणी येतं-जातं. कीटकनाशक त्या पाण्यात उतरणारच. खेकडे आणि कोळंबी हे कीटकांचेच लांबचे भाऊबंद, त्यामुळे विष त्यांनाही बाधतं. कोळीवाड्याच्या दारात हा प्रयोग कशाला?

याचा अर्थ काळजीच नको, असं नाही. सांडपाणी, राडारोडा, अडलेली भरती यांनी आधीच खंगलेलं झाड पानं गेल्यावर सावरेलच याची खात्री नाही. म्हणून बातमीदारांना एक विनंती. तपकिरी तिवरांचा फोटो छापलात, तर महिन्याभरानं त्याच जागी परत जा. पालवी फुटली असेल तर तेही छापा. फुटली नसेल तर अळीला सोडा, आणि तिथे भरतीचं पाणी पोचतंय का, ते तपासा.