वेळापत्रकातलं बायबल

वर्षभरात बायबल वाचून काढायचं, त्यासाठी रोजचे अध्याय ठरवून घ्यायचे, ही पद्धत आज मोबाइलवर सर्रास दिसते. तिच्यातलं एक नावाजलेलं वेळापत्रक आज आपण तपासू. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात सेंट पीटर्स चर्चचे तरुण पाळक रॉबर्ट मरे मॅक्शेन यांनी 1842 च्या डिसेंबरअखेर ते आपल्या मंडळीसाठी तयार केलं. नाव दिलं 'डेली ब्रेड', म्हणजे रोजची भाकर. रोज साधारण चार अध्याय: दोन कुटुंबात, दोन एकांतात. वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा.

1 जानेवारीला उत्पत्ती, मत्तय, एज्रा आणि प्रेषितांची कृत्ये या चारही पुस्तकांचा पहिला अध्याय येतो. जगाचा, येशूच्या जीवनकथेचा, बंदिवासातून परतलेल्यांचा आणि चर्चचा असे चार आरंभ एका दिवशी शेजारी बसतात. ही मांडणी आम्हाला खरोखर सुंदर वाटते.

पण अडचणही त्याच दिवशी सुरू होते. अध्यायांची विभागणी मूळ लेखकांची नाही, ती तेराव्या शतकातली. उत्पत्तीचा पहिला अध्याय सहाव्या दिवशी संपतो. देवाचा विसावा येतो दुसऱ्या अध्यायात, म्हणजे वाचकाला तो 2 जानेवारीला मिळतो. पहिल्याच दिवशी काम झालं, विश्रांती राहिली! ईयोबाचं तर विचारूच नका. 42 अध्याय, बहुतेक दिवशी एक. त्याच्या मित्रांचा उपदेश आपण कितीतरी दिवस देववचन म्हणून ऐकतो, आणि ते चुकीचं बोलले हा देवाचा निवाडा थेट शेवटच्या अध्यायात. मध्येच नेम सुटला, तर हातात मित्रांचाच उपदेश राहतो.

आणि नेम सुटतोच. मग चुकलेले अध्याय उधारीसारखे साचतात, एका रात्रीत पंधरा उरकले जातात. पारायण करणाऱ्यांना हे नवं नाही. ओव्या पुऱ्या होतात, ज्ञानेश्वर मात्र राहून जातात.

मॅक्शेनना हे ठाऊक होतं. वाचन निव्वळ उपचार होईल, नेम पाळल्याचा अहंकार चढेल, घाईनं वाचलं जाईल, काहींना ते जोखड वाटेल, हे धोके त्यांनी वेळापत्रकासोबतच लिहून ठेवले. फायद्यांत त्यांनी मंडळीची एकी धरली होती: घराघरांत तोच उतारा, म्हणून भेटल्यावर बोलायला विषय. आज आम्ही एकटे वाचतो, खूण करतो, पुढे सरकतो. वेळापत्रक टिकलं, बोलणं गेलं. आमची खरी तक्रार इथे आहे.

मॅक्शेन 25 मार्च 1843 ला वारले, वयाच्या 29 व्या वर्षी. म्हणजे कर्त्याचंच वेळापत्रक अपुरं राहिलं. तेव्हा मार्चमध्ये मागे पडलेल्यांनी लाजू नये. आजचा उतारा उघडावा, आणि कुणाला तरी सोबत घेऊन वाचावा.