तहान कुठल्या आवृत्तीत लागते?

पाचव्या आवृत्तीत कुणाला तहान लागत नाही. म्हणजे नियमात लागते. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ सालच्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये स्वच्छ लिहिलंय की माणसाला दिवसाला एक गॅलन पाणी लागतं, ऊन कडक असेल तर दोन. तेवढं मिळालं नाही तर फासा टाकायचा, आणि फासा फिरला तर थकवा चढायला लागतो. पण त्याच पुस्तकात पहिल्याच पातळीचा एक मंत्र आहे. तो म्हटला की भांड्यात दहा गॅलन, म्हणजे साधारण ३८ लिटर, स्वच्छ पाणी. पाच जणांच्या टोळीचं वैशाखातलं दिवसभराचं पाणी एका मंत्रात मिटलं. हिशोब इतका चोख जुळतो की कुणीतरी तो बसून जुळवला असावा अशी शंका येते.

हा खेळ कधी न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात: चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एकेक पात्र होतो, आणि एक जण (आमच्याकडे मी) बाकीचं सगळं जग होतो. पात्र काय करतंय ते खेळाडू सांगतो, जमेल की नाही याची शंका असेल तर फासे टाकायचे. पुस्तकं दोन जातीची. एक नियमांची, दुसरी जग भरून काढायला मदत करणारी. गावं, राक्षस, देव, हवामान, बाजारभाव असा ऐवज त्यात असतो. हा खेळ १९७४ सालचा, त्यामुळे या दुसऱ्या जातीच्या पुस्तकांचा पन्नास वर्षांचा ढीग साठलाय, आणि बराचसा आता पीडीएफ रूपात विकत मिळतो.

मला चालवायची होती ती गोष्ट अशी: गोदाकाठची बारा गावं, सलग तिसरं वर्ष पाऊस नाही. मी अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीचा. २०१२-१३चा दुष्काळ पडला तेव्हा मी शाळेत होतो. टँकर कुठल्या दिवशी येणार हे आम्हाला वेळापत्रकापेक्षा पाठ असायचं, आणि रांगेत कुणाची घागर कुणाच्या पुढे यावर काय काय ठरतं हेही तेव्हाच कळलं. आता पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो आणि शनिवारी रात्री मित्रांना घेऊन खेळतो. नव्या आवृत्तीत दुष्काळ उभा करायचा तर जुन्या पुस्तकांना हात घालावाच लागतो, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो कुठलं पुस्तक घ्यायचं आणि त्यातलं काय घ्यायचं याबद्दल.

पहिला मोह अर्थातच 'भारतीय' काहीतरी शोधण्याचा. १९८० सालच्या 'डेइटीज अँड डेमिगॉड्स'मध्ये भारतीय देवांचं एक प्रकरण आहे. इंद्र, विष्णू, काली, प्रत्येकाला चिलखताचा आकडा आणि हिट पॉइंट. म्हणजे देव किती वार झेलून पडेल याची सोय. भावना बिवना दुखावण्याचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटत नाही; पुस्तक निरुपयोगी आहे, ही खरी तक्रार. दुष्काळात गाव इंद्राशी तलवारीने लढत नाही. ते धोंडी धोंडी पाणी दे म्हणत दारोदार फिरतं, नाहीतर महादेवाचा गाभारा पाण्याने भरून देव कोंडतं. मरीआई, म्हसोबा, सटवाई यांची जागा वेशीबाहेर, पांदीच्या वळणावर असते, आणि कुठला देव कुठे बसलाय हेच त्याच्याबद्दल सगळ्यात महत्त्वाचं असतं. दामोदर धर्मानंद कोसंबींनी अशी ठाणी पायी फिरून पाहिली आणि १९६२ सालच्या 'मिथ अँड रिअॅलिटी'त त्यांचा संबंध चौरस्त्यांशी नि गुरं-मेंढरांच्या जुन्या वाटांशी जोडला. खेळ चालवणाऱ्याला हिट पॉइंटांपेक्षा ही माहिती शंभरपट कामाची, कारण खेळाडू वाट चुकले की मला लगेच ठरवता येतं की त्यांना आता काय दिसेल.

तीच गत राक्षसाची. १९७७च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये राक्षस आहे. वाघाच्या तोंडाचा, उंची कपड्यांतला, पाइप ओढत बसलेला. मंतरलेल्या बाणाने तो मरतो. हे कुठल्या पुराणात आहे म्हणून शोधायला जाऊ नका, ते १९७४ सालच्या एका अमेरिकन टीव्ही मालिकेतून आलंय. चित्र मला मनापासून आवडतं. पण आमच्या नदीच्या पलीकडच्या काठावर, बीड जिल्ह्यात, खरंखुरं राक्षसभुवन नावाचं गाव आहे. तिथे शनीचं देऊळ आहे, आणि १७६३ साली तिथे थोरल्या माधवरावांनी निजामाच्या फौजेला हरवलं, निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तिथेच पडला. एवढं सगळं हाताशी असताना पाइपवाला वाघ कशाला आणायचा?

मग मी पाणी हा एकच निकष लावून जुनी पुस्तकं वाचायला घेतली. 'जुनं म्हणजे कडक' हा जुन्या आवृत्त्यांच्या भक्तांचा लाडका समज आहे, तो इथे टिकत नाही. १९७८च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्येही पाण्याचा मंत्र पहिल्याच पातळीचा आहे. उलट १९८१च्या 'एक्स्पर्ट' संचात, म्हणजे त्याच कंपनीच्या सोप्या मानल्या गेलेल्या मालिकेत, तो थेट चौथ्या पातळीचा झालाय. धर्मगुरूच्या पात्राला तो सहाव्या पायरीवर मिळतो, आणि तिथवर पोचेपर्यंत कित्येक शनिवार जातात. मधल्या काळात पाणी वाहून न्यावं लागतं, मागावं लागतं, नाहीतर चोरावं लागतं. हा एकच बदल पाचव्या आवृत्तीवर कलम केला आणि आमचा खेळ बदलला. बाकी आकडेमोड, म्हणजे चिलखताचे उलटे अंक सुलटे करणं वगैरे, दहा मिनिटांचं काम आहे. रोज जुना कोड चालू ठेवणाऱ्या माणसाला त्याचं विशेष काही वाटत नाही.

पण १९८१च्या पुस्तकांतली खरी ठेव वेगळीच आहे. 'बेसिक' संचात एक लहानसं कोष्टक आहे: अनोळखी कुणी भेटलं की ते कसं वागेल. दोन फासे टाकायचे. दोन पडले तर थेट हल्ला, बारा पडले तर एकदम दोस्ती. मधलं सगळं मधलं. सहा ते आठ या आकड्यांना समोरचा गोंधळलेला असतो, आणि दोन फाशांच्या गणिताने हे छत्तीसात सोळा वेळा, म्हणजे जवळजवळ निम्म्या वेळा घडतं. २०१४च्या पुस्तकात समोरच्याची वृत्ती काय असावी हे बहुतांशी खेळ चालवणाऱ्यावर सोडलंय. तिथे मी थकलेलो असलो, रात्रीचे अकरा वाजले असले, की विहिरीवर भेटलेली माणसं शत्रूच निघतात, कारण मारामारीचे नियम तयार असतात. कोष्टक मला तसं करू देत नाही. विहिरीवर परक्या गावची सहा माणसं बसलीत, फासे सात दाखवतात, तर ती बघत राहतात. हातातला दोर सोडत नाहीत. आता बोलायची पाळी खेळाडूंची. टँकरच्या रांगेत मी जे पाहिलं ते याच्या फार जवळचं आहे. भांडण क्वचित व्हायचं. बरीचशी वेळ सगळे एकमेकांच्या घागरींकडे बघत उभे असायचे.

१९८६च्या 'वाइल्डरनेस सर्व्हायव्हल गाइड'बद्दल फार लिहीत नाही. तापमान, वारा, ओझं, सगळ्याची कोष्टकं आहेत आणि वापरायला घेतली की खेळ थांबतो. नुसतं वाचायला मात्र मजा येते.

'डार्क सन'वर थांबायला हवं. १९९१चा हा संच दुष्काळाचाच आहे: लाल सूर्याखालचं वाळवंटी जग, धातू दुर्मीळ, पाणी त्याहून. त्यातली थोर कल्पना अशी की जादू फुकट मिळत नाही, ती जमिनीतल्या जिवातून ओढली जाते. सावकाश, जपून ओढणारे एक; आणि घाईत सगळं ओढून घेणारे दुसरे, ज्यांच्या पायाखालची जमीन राख होते. हे वाचताना मला वाळवंट आठवलंच नाही. पैठणचा डावा कालवा आठवला, त्याच्या दोन्ही अंगांचा ऊस, आणि कालव्यापासून लांबच्या शिवारात दरवर्षी आणखी खोल जाणारी बोअरं. मात्र 'डार्क सन'मध्ये ओढणारा जादूगार बहुधा खलनायक असतो, त्याला मारलं की न्याय होतो. आमच्याकडे ओढणारा चुलता असतो. त्याच्या डोक्यावर कर्ज असतं, आणि शेजाऱ्याने चारशे फूट खोदलं म्हणून तो पाचशे खोदतो. त्याला मारून काय होणार? म्हणून नियम घेतला, खलनायक नाही घेतला. आमच्या खेळात बोअर मारणारं प्रत्येक पात्र शेजारच्या विहिरीचा एक फासा कमी करतं, मग ते पात्र कितीही सज्जन असो.

इथवर आल्यावर लक्षात आलं की मला लागणाऱ्या पुस्तकांपैकी काही या खेळाची नाहीतच. महानुभावांची 'स्थानपोथी' घ्या. चक्रधर जिथे जिथे राहिले त्या जागांचं हे वर्णन: देऊळ गावाच्या कुठल्या अंगाला, दार कुठल्या दिशेला, मठ कुठे. भक्ताला सातशे वर्षांनीही ती जागा सापडावी इतकं नेमकं. जुन्या साहसकथा-पुस्तिकांत नकाशातल्या खोल्यांना क्रमांक देऊन त्यांचं वर्णन करतात, अगदी तसंच. दुसरं, त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा', १९१५. बलुतेदारांच्या थोरली, मधली, धाकटी अशा कासा, आणि खळ्यावर कुणाला किती, हे वाचलं की गाव यंत्रासारखं चालवता येतं. खळ्यावरचं धान्य निम्मं झालं तर आधी कुणाचा वाटा तुटेल? उत्तर पुस्तकातून निघतं, मला कल्पना लढवावी लागत नाही.

पण 'गावगाड्या'त 'फिरस्ते'ही आहेत. गावोगाव फिरणाऱ्या जमातींबद्दल आत्रे लिहितात तेव्हा कुणब्याच्या खळ्यावर बसलेला भार म्हणून लिहितात, संशयाने लिहितात. आमच्या टेबलावर एक मित्र भटक्या समाजातला आहे. मी ती पानं खेळासाठी कोष्टक करायला काढली होती. त्याने वाचली आणि शांतपणे विचारलं, "यात माझ्या आज्याचं अलाइनमेंट काय लिहिलंय रे?"

प्रश्न बरोबर जागी बसला. १९७७च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये ऑर्क नावाच्या अख्ख्या जमातीपुढे 'दुष्ट' असा शिक्का आहे, त्याच यादीत त्यांच्या खजिन्याचा प्रकार. २०२४च्या नव्या 'प्लेयर्स हँडबुक'ने 'रेस' हा शब्द काढून 'स्पीशीज' केला, तेव्हा खेळाचा सत्यानाश झाला म्हणून बरीच ओरड झाली. मला तो बदल अपुरा वाटतो, कारण शब्द बदलला तरी रकाना तसाच राहतो. पण त्याच कंपनीच्या दुसऱ्या जुन्या मालिकेतलं दोन फाशांचं कोष्टक ऑर्कलाही गोंधळायची मुभा देतं, हेही खरं. एकाच पिढीच्या पुस्तकांत 'कोण कसा' हा निकाल आहे आणि 'आता काय होईल' ही कार्यपद्धतीही आहे. निकाल सगळेच जुने होतात. पद्धत होत नाही.

रकान्यात आजोबा शोधणं आमच्या गावाला नवीन नाही. २०२३च्या सप्टेंबरपासून न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती निजामकाळच्या नोंदी शोधत होती, मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला होता, आणि २ सप्टेंबर २०२५ला हैदराबाद गॅझेटियरचा शासन निर्णय निघाला. मागणी बरोबर की चूक यावर इथे लिहीत नाही, माझ्या घरातच त्यावर दोन मतं आहेत. वाचक म्हणून एवढंच दिसतं की ज्या साहेबांनी ते रकाने आखले त्यांना राज्यकारभारासाठी मोजदाद हवी होती. आपल्या घरादाराचं भवितव्य त्यात शोधणारा वाचक त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हताच. तरी पुस्तक उघडलं जातं, आणि दोन्ही बाजू एकाच ओळीवर बोट ठेवतात.

टेबलावर आम्ही 'फिरस्ते' वगळले. त्या कोष्टकाची जागा मित्राने स्वतः भरली. सहा ओळींत: कुठल्या गावची विहीर मचूळ, कुठली पाटलाने कुलूप घातलेली, कुठल्या ओढ्यात मार्चपर्यंत झिरा खणला तर पाणी लागतं, कुठल्या वेशीवर रात्री मुक्काम करू देतात, कुठे चौकीत हजेरी द्यावी लागते, आणि कुठली म्हातारी काही न विचारता तांब्या भरून देते. त्याचं पात्र आता बारा गावांतलं पाणी माहीत असलेलं एकमेव माणूस आहे. बाकीचे चौघे त्याच्या मागे चालतात, आणि मी दर गावाच्या वेशीवर दोन फासे टाकतो.